तबला कपाटातून बाहेर काढा

आदरणीय बाई,

आम्ही फोंडा तालुक्यातले. मुलगा पंधरा वर्षांचा, यंदा दहावीला. सातव्या वर्षापासून तबला शिकतो, देवळात भजनाला साथ करायचा. जूनमध्ये ह्यांनी तबला-डग्गा कपाटात ठेवून कुलूप लावलं. दहावी होईपर्यंत बंद, आणि ८५ टक्के पडले तर स्कूटर, असं ठरलं. पंधरा दिवस पोरगा अभ्यासाला बसला. आता रात्री एक-दीडपर्यंत मोबाइलवर रील्स बघतो. गेल्या महिन्यात काकांची स्कूटर न विचारता काढून मित्रांबरोबर फर्मागुडीच्या उतारावर शर्यत लावायला गेला. ओळखीच्या माणसाने पाहिलं म्हणून कळलं. नणंदेने एक व्हिडिओ पाठवला आहे. त्यात सांगतात की या वयात लहान मेंदू बक्षिसाच्या ओढीवर ताबा ठेवतो, आणि तो कच्चा असला की मूल मोबाइलच्या आहारी जातं. त्याच लोकांचा तीन महिन्यांचा व्यायामाचा कोर्स आहे, फी या आठवड्यात भरायची आहे. त्याचा लहान मेंदू खरंच कच्चा असेल का? एमआरआय करून घ्यावा का? कोर्सला घालावं का? (चवथीला दिराकडे आरतीच्या वेळी त्याने घुमट हे मातीचं तालवाद्य घेतलं आणि तासभर वाजवत होता. मोबाइल माझ्याकडे होता, त्याने मागितलाही नाही.)

– एक आई

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही कंसात टाकली आहे. तिच्याकडे येतेच. पण फीची तारीख जवळ आली आहे म्हणता, तर आधी ते सांगते. फी भरू नका, आणि एमआरआयही नको. मुलाचा लहान मेंदू कच्चा आहे असं सुचवणारं एकही लक्षण तुमच्या पत्रात नाही. जो मुलगा आठ वर्षं तबल्यावर बसला, आणि मध्ये तीन महिने हात लावायला मिळाला नाही तरी आरतीत तासभर लय सोडत नाही, त्याचा लहान मेंदू चांगला तालमीत आहे.

व्हिडिओत मात्र सगळंच खोटं नाही. म्हणून तर तो पटतो. त्यात खरं किती आहे ते नीट बघू या, कारण त्या खऱ्या भागातच तुमच्या घरचं उत्तर दडलेलं आहे असं मला वाटतं.

लहान मेंदू, म्हणजे पुस्तकातलं अनुमस्तिष्क, डोक्याच्या मागे, मोठ्या मेंदूच्या खाली असतो. शाळेच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला दोन ओळी येतात: शरीराचा तोल सांभाळणे, हालचालींत सुसूत्रता आणणे. जीवशास्त्र शिकवताना तीस वर्षं मीही त्या दोन ओळी फळ्यावर लिहिल्या. त्या बरोबर आहेत, पण अपुऱ्या आहेत. वजनाने हा भाग अख्ख्या मेंदूच्या दहाव्या हिश्शाएवढा. पण २००९ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी मेंदूतल्या चेतापेशी मोजल्या, तेव्हा एकूण सुमारे ८६ अब्जांपैकी ६९ अब्ज या एवढ्याशा भागात निघाल्या. नुसतं चालताना पडू नये म्हणून एवढा फौजफाटा कोण ठेवेल? त्याच्याही आधी, १९९८ मध्ये, बोस्टनच्या डॉ. जेरेमी श्माहमान यांनी लहान मेंदूला इजा झालेल्या रुग्णांबद्दल लिहिलं होतं की त्यांची चाल तर बिघडतेच, पण बेत आखणं, शब्द सुचणं, भावना आवरणं यांतही गडबड होते. हाताची हालचाल जशी नेमकी बेतायची, तसाच विचार आणि भावनाही बेतायच्या, असं काहीसं काम हा भाग करत असावा, असं त्यांचं म्हणणं.

आता बक्षिसाकडे वळू. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींवर केलेले प्रयोग १९९७ च्या एका लेखामुळे सगळीकडे पोचले. माकडाला अचानक फळाचा रस दिला की या पेशी उसळतात. रसाआधी दर वेळी एक खूण दाखवली, तर थोड्या दिवसांनी त्या खुणेलाच उसळतात, आणि रस आला तरी शांत राहतात, कारण तो येणार हे ठाऊकच असतं. खूण दाखवून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी त्यांचा आवाज खाली जातो. म्हणजे किती मिळालं यापेक्षा काय अपेक्षा होती, कधी होती आणि त्यातलं काय खरं ठरलं, यावर त्यांचं लक्ष असतं.

या हिशेबात लहान मेंदू कुठून आला? २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी उंदरांना एक दांडा पुढे ढकलायला शिकवलं. ढकलला की क्षणभराने साखरपाणी मिळायचं. त्या वेळी ते लहान मेंदूतल्या बारीक ग्रॅन्युल पेशींकडे बघत होते. त्यांना सापडलं असं, की काही पेशी दांडा ढकलताना जाग्या होत्या, आणि काही चक्क साखरपाण्याची वाट बघताना. काही ते मिळाल्यावर पेटायच्या, तर काही हमखास मिळणारं पाणी चुकलं तेव्हा. मग २०१९ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका गटाने दाखवलं की उंदरांच्या लहान मेंदूतून डोपामिनच्या पेशींकडे थेट तारा जातात. त्या तारा प्रकाशाने चेतवल्या, की उंदीर पुन्हा पुन्हा त्याच जागी यायचे. आणि त्या गप्प केल्या तर दुसऱ्या उंदराच्या सोबतीची त्यांची ओढ नाहीशी व्हायची. ही सोबतीची गोष्ट लक्षात ठेवा, फर्मागुडीला पोचू तेव्हा लागेल.

उंदीर आणि माणूस यांच्यात अंतर आहे. मुलांच्या बाबतीत स्कॅनरमध्ये एक छोटा खेळ खेळवतात: खूण दिसते, मग एक आकृती लुकलुकते, तेवढ्यात बटण दाबलं तर पैसे. अमेरिकेत नऊ-दहा वर्षांच्या ११ हजारांहून अधिक मुलांना घेऊन त्यांच्या वाढीचा जो मोठा अभ्यास चालू आहे, त्यातही हाच खेळ आहे. ‘आता मिळणार’ या क्षणी मेंदूच्या गाभ्यातला स्ट्रायटम हा भाग जागा होतो, आणि अशा खेळांत लहान मेंदूचेही काही भाग जागे झालेले दिसतात. त्यात बोट हलवण्याची तयारी किती आणि बक्षिसाची वाट बघणं किती, हे वेगळं काढणं अवघड असतं. म्हणूनच कुणी ठासून सांगू लागलं की लहान मेंदू म्हणजेच बक्षिसाचं केंद्र, तर सावध व्हावं.

वयाबद्दल एक गोष्ट खरी. लहान मेंदूचं आकारमान सगळ्यात जास्त होतं ते मुलींमध्ये साधारण बाराव्या वर्षी आणि मुलांमध्ये साडेपंधराच्या आसपास. तुमचा मुलगा त्याच वळणावर आहे. पण ही अनेक मुलांची सरासरी आहे. एका मुलाचा एमआरआय काढून त्याची बक्षिसाची ओढ वाजवीपेक्षा जास्त आहे की नाही, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. तसंच त्या कोर्सचं. एका पायावर उभं राहून चेंडू झेलल्याने मूल चेंडू चांगलं झेलेल. पण त्याने रात्री मोबाइल खाली ठेवण्याचं बळ येतं, याचा भरवशाचा पुरावा नाही.

आता तुमच्या कंसाकडे येते.

तुमच्या मुलाने तीनतालात तिहाई वाजवलेली तुम्ही ऐकली असेल. एकच बोल तीन वेळा येतो. पहिल्यांदा आपण नुसतं ऐकतो. दुसऱ्यांदा आला की अंगाला कळतं काय चाललंय ते. तिसऱ्याला सगळं देऊळ श्वास धरून बसतं, आणि शेवटचा धा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडला की पेटीवाल्यापासून मागे खांबाला टेकलेल्या आजोबांपर्यंत सगळ्यांच्या माना एकदम हलतात. शुल्ट्झच्या माकडाला खुणेनंतर रसाची जी वाट बघावी लागते, तीच ही. फक्त इथे खूण, वाट बघणं आणि बक्षीस हे सगळं काही सेकंदांत होतं, आणि बक्षीस वाजवणारा स्वतः घडवतो. सम चुकली तर ते त्याला दुसऱ्या कुणी सांगण्याआधी कळतं. सेकंदाहून कमी अंतरं मोजणं हे लहान मेंदूचं जुनं, पक्कं ठाऊक असलेलं काम आहे. त्याला इजा झालेल्या माणसांना साधा ठेका धरून बोट आपटणंही जड जातं. आपल्या गोव्यात लयभास्कर खाप्रूमाम पर्वतकर होऊन गेले. हातापायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरायचे म्हणतात. तिथवर कुणी जावं असं नाही, पण तुमच्या मुलाने आठ वर्षं रोज त्याच वाटेवर चार पावलं टाकली आहेत.

जूनमध्ये घरात काय झालं ते आता या बाजूने बघा. रोज शेकडो वेळा ‘वाट बघ, साध, मिळालं’ असं ज्या जागी व्हायचं, तिला कुलूप लागलं. बदल्यात जे बक्षीस दिलं ते दहा महिन्यांवरचं. किशोरवयात आजचं थोडं सोडून उद्याचं जास्त घेणं मोठ्या माणसांपेक्षा कठीण जातं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलेलं आहे. दुकानात पाटी असते ना, आज रोख, उद्या उधार, पंधरा वर्षांच्या मुलाचा व्यवहार तसा असतो. पहिले पंधरा दिवस तो बसला, म्हणजे मनापासून प्रयत्न केला त्याने. मग रोखीचं दुसरं दुकान सापडलं. रील्समध्ये पुढचा चांगला निघेल की रद्दी, हे सांगता येत नाही, आणि मिळेल-न मिळेल अशा अर्ध्या-अर्ध्या शक्यतेतच डोपामिनच्या पेशी वाट बघताना सगळ्यात जास्त जाग्या असतात, हे शुल्ट्झ यांच्याच गटाने २००३ मध्ये माकडांत दाखवलं. तिहाईला सम असते, रील्सना ती नाही. अंगठा सरकत राहतो.

तबला आणि रील्स यांना असं एका माळेत मी ओवते आहे, कुठल्या प्रयोगशाळेने ते केलेलं नाही. पण चवथीला तो तासभर मोबाइल विसरला, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. माझ्या लेखी ते कुठल्याही स्कॅनपेक्षा जास्त सांगतं.

स्कूटरबद्दल मात्र कडक बोलते. ते वचन आजच मागे घ्या. निकाल लागेल तेव्हा तो सोळाचा असेल. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा. रस्त्यावर दिसणाऱ्या नेहमीच्या स्कूटरी १०० सीसीच्या वरच्या, त्यांना अठरा पूर्ण लागतात. अल्पवयीन मुलाच्या हातून रस्त्यावर गुन्हा घडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. काकांनाही हे सांगा, आणि किल्ली खुंटीवर टांगायची सवय सोडायला लावा. एकटा असता तर तो त्या उतारावर गेला नसता, असं मला वाटतं. २००५ मध्ये अमेरिकेत गाडी चालवण्याच्या संगणकी खेळावर एक प्रयोग झाला. मित्र बघत असले की किशोरवयीन मुलं जास्त धोका पत्करत, मोठ्यांवर मात्र मित्र असण्या-नसण्याचा फारसा परिणाम होत नसे. पुढे स्कॅनरमध्ये दिसलं की मित्र बघताहेत म्हटल्यावर या मुलांच्या मेंदूतले बक्षिसाचे भागच जास्त तापतात. या वयात मित्रांची सोबत हेच बक्षीस असतं. ती तोडायला जाऊ नका, दुसरीकडे लावा. भजनात, शिगम्याच्या सरावाला, फुटबॉलला, जिथे जमेल तिथे.

वचन मागे घेताना ते ‘ह्यांनी’ घ्यावं, आणि स्वतः घ्यावं. ‘तू रेस लावलीस म्हणून आता स्कूटर नाही’ असं म्हटलं तर ती शिक्षा होईल. ‘द्यायला नको होतं असं वचन मी दिलं, चूक माझी’ असं म्हणायला हवं. मोडलेल्या वचनाचं मला माहीत आहे. आमच्या मुलाला आठवीत सायकल कबूल केली होती, चवथीला घेऊ म्हणून. चवथ गेली, दिवाळीवर ढकललं, मग वार्षिक परीक्षेवर. पैसे नव्हते असंही नाही, आम्हाला वाटायचं थोडं ताणून धरलं की अभ्यास करील. मे महिन्यात सायकल आली. त्याने घंटी एकदा वाजवून बघितली, भिंतीला टेकवून ठेवली आणि आत गेला. त्या संध्याकाळी तिच्यावर बसलासुद्धा नाही. आज तो चाळिशीला आला आहे, पण ती भिंतीला टेकवलेली सायकल मला अजून दिसते.

म्हणून यापुढे जे कबूल कराल ते आठवड्याच्या आत देता येईल असंच करा, आणि ठरल्या दिवशीच द्या. वस्तूच हवी असं नाही. रविवारी वडिलांबरोबर मासे आणायला जाणं, आवडीचा नाश्ता, भजनाला उशिरापर्यंत थांबायची परवानगी, एवढंही पुरतं. आणखी एक: या वयाची मुलं शिक्षेच्या भीतीपेक्षा मिळालेल्या शाबासकीतून जास्त शिकतात, असं २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं. शाबासकी शिळी करू नका. बीजगणिताची चार उदाहरणं सोडवली की लगेच उत्तरं ताडून बघू दे, आणि बरोबर आली तर तिथल्या तिथे म्हणा. अभ्यासाचेही असे लहान लहान पल्ले पाडले की प्रत्येकाला आपली सम मिळते.

तबला रोज अर्धा-पाऊण तास, संध्याकाळी अभ्यासाला बसण्याआधी. आठवड्यातून एकदा सरांकडे. दहावीला एवढा वेळ जातो असं वाटेल, पण सध्या रात्री किती जातो ते मोजून बघा. मोबाइल रात्री साडेदहाला हॉलमध्ये चार्जिंगला, तुमचा आणि ह्यांचाही त्याच्याच शेजारी. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. दीडला झोपून शाळेसाठी सहाला उठणाऱ्या मुलाचा कुठलाच मेंदू धड चालणार नाही, लहान किंवा मोठा.

डॉक्टरकडे कधी जायचं तेही सांगते. चाल अडखळू लागली, बोलणं जड झालं, हात थरथरू लागले, सकाळी उठल्याबरोबर डोकेदुखी आणि उलटी होऊ लागली, तर मात्र एक दिवसही थांबू नका. थेट बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजमध्ये न्या. आणि तबला परत मिळूनही तो कशातच रमेना, मित्र टाळू लागला, जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोलू लागला, तर बांबोळीलाच मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. रात्री-अपरात्री १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर फोन लावता येतो, पैसे पडत नाहीत.

कपाट उघडाल तेव्हा तबल्याची अवस्था बघून घाबरू नका. पावसाळाभर बंद राहिला आहे. चामड्याची पुडी ओलाव्याने उतरली असेल, डग्ग्यावर बुरशीचा पांढरा थरही असेल. बाहेरून कुणाला लावायला बोलावू नका. कोरड्या फडक्याने पुसून वाद्य आणि हातोडी त्याच्या हातात द्या. गट्टे ठोकत, गजऱ्यावर बारीक घाव घालत सुरात आणायला त्याला वेळ लागेल. घरात पेटी असेल तर तुम्ही सूर धरून बसा, आणि ह्यांना सांगा, कुलूप त्यांनी लावलं होतं, तर किल्लीही त्यांनीच द्यावी, आणि तबला सुरात लागेपर्यंत तिथेच बसावं.